दोन हजार टोन आणि एक लिव्हर

कीबोर्ड विकणारे लोक टोनचा आकडा सांगतात. सहाशे टोन, बाराशे टोन, आता तर दोन हजारांच्याही पुढे. मोबाईलवाले मेगापिक्सेल सांगतात ना, अगदी तस्संच. गिऱ्हाईक पण तेच विचारतं. माझ्या पुण्याच्या ऑफिसात तिघं-चौघं हौशी संगीतकार आहेत. दिवसा जावा, रात्री संगीत. त्यांच्या लॅपटॉपमध्ये इतके प्रीसेट भरलेत की रोज दहा ऐकले तरी रिटायरमेंटपर्यंत पुरतील. आणि तिकडे गावाकडे, साखरखेर्ड्याला, बँडच्या गाडीवर कॅसिओ वाजवणारा माझा आतेभाऊ. त्यालाही टोनच हवेत. (कॅसिओ म्हणजे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड. आमच्याकडे फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात तसं.)

माझं मत आता पक्कं झालंय आणि ते आज इथे मांडून टाकतो. टोन ही दुय्यम गोष्ट आहे. कीबोर्डच्या डाव्या कडेला जो एक छोटासा लिव्हर किंवा चाक असतं, ज्याला कुणी हातसुद्धा लावत नाही, त्यात खरं वाद्य आहे. बाकी सगळं गोदाम.

आता हे इतक्या जोरात का सांगतोय, तर माझ्या आतेभावाच्या एका सीझनचे पैसे त्यात अडकलेत.

साखरखेर्डा कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी: बुलढाणा जिल्हा, सिंदखेडराजा तालुका. जिजाऊंचं सिंदखेड तालुक्यालाच, लोणारचं सरोवर जवळ. इतिहासवाल्यांना गावाचं नाव 1724 च्या लढाईमुळे माहीत असतं. निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाला इथे हरवलं आणि पुढे दख्खनमध्ये जी निजामशाही उभी राहिली तिचा पाया इथे पडला. गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं होतं म्हणे, पण लोकांनी काही ते मनावर घेतलं नाही. असो. सध्याची लढाई वेगळी आहे. बँड विरुद्ध पेन ड्राइव्ह.

आमच्याकडे लग्नात नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत वाजतगाजत येतो. आधी सनई-डफडं असायचं. मग पितळी बँड आला. मग गाडी आली, म्हणजे चाकांवरचा एक छोटा स्टेजच. त्यावर भोंगे, मिक्सर, मागे जनरेटर, एक ऑक्टोपॅडवाला, एक कॅसिओवाला, एक गाणारा. आणि आता डीजे, म्हणजे एक माणूस आणि एक पेन ड्राइव्ह. मुलीचा बाप हिशोबाने चालणारा असतो, आणि त्याने तसं असावंही. तो बँडमालकाला सरळ विचारतो, "पेन ड्राइव्ह लावला तर तेच गाणं वाजते ना? मंग पाच माणसाइचे पैसे कायले द्याचे?"

या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. 'परंपरा', 'कला' वगैरे शब्दांनी ते देता येत नाही.

आतेभावाने उत्तर शोधलं ते असं की नवा, महागडा कीबोर्ड घ्यायचा. गेल्या दिवाळीत त्याने मला मोबाईलवर फोटो दाखवला. "दादा, हा घेऊन टाकू काय? याच्यात असली सनई हाये म्हणते."

त्याच्या जुन्या कीबोर्डात सनई आहेच की, मी म्हटलं.

"हाये ना. पण मेल्यावानी वाजते."

मेल्यावानी! सिंथेसायझरवर मी आजवर जेवढं वाचलंय त्यातलं अर्धं या एका शब्दात येतं. आता ती सनई मेली कशाने, त्याचं पोस्टमॉर्टेम करू.

कीबोर्डातली सनई बहुतेक वेळा खऱ्या सनईचीच ध्वनिफीत असते. कुणीतरी चांगल्या स्टुडिओत, चांगल्या माइकसमोर, चांगल्या वादकाकडून एकेक सूर वाजवून घेतलेला असतो. तुम्ही पट्टी दाबली की तोच तुकडा वाजतो. पट्टी दाबून ठेवली तर तुकड्याचा मधला भाग पुन्हा पुन्हा फिरतो. म्हणजे आवाज नकली नाहीये. उलट शंभर टक्के असली आहे. तरी मेलेला. कारण प्रत्येक वेळी सूर तसाच सुरू होतो, तसाच थरथरतो, तसाच संपतो. तुमच्या घरातल्या एखाद्या माणसाने 'अरे' हा शब्द दिवसभर अगदी एकाच सुरात, एकाच लांबीने उच्चारला तर दुपारपर्यंत तुम्ही त्याला डॉक्टरकडे न्याल.

खरा सनईवाला काय करतो? पत्तीवर ओठांचा दाब बदलतो, त्याने सूर थोडा वर-खाली होतो. फुंक वाढवतो, त्याने आवाज मोठा होतो आणि त्याचबरोबर धारदारही होतो. भोकावरून बोट पूर्ण न उचलता सरकवतो, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात घसरत जातो. सूर, जोर आणि धार या तीन गोष्टी सतत हलत असतात, आणि एकमेकींच्या नादाने हलत असतात. आपला कान वाद्य ओळखतो तो या हालचालीवरून. नुसत्या आवाजाच्या रंगावरून ओळखतो असं आपल्याला वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे.

मॉड्युलेशन म्हणतात ते हेच. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर: एका व्हेरिएबलची किंमत कॉन्स्टंट न ठेवता दुसऱ्या व्हेरिएबलवरून काढायची. बस्स. फ्रीक्वेन्सी ही व्हेरिएबल आहे, तिला एका संथ लाटेने हलवलं की कंप झाला. आवाजाच्या पातळीला हलवलं की थरथर झाली. फिल्टरला हलवलं की 'वाव-वाव' झालं. ती संथ लाट तयार करणाऱ्याला एलएफओ म्हणतात. आणि पट्टी दाबल्यापासून सोडेपर्यंत आवाजाने कसं चढावं-उतरावं याचा जो आराखडा असतो त्याला एन्व्हलप. फिल्टर म्हणजे काय हे कळायला यंत्र लागत नाही. आत्ता, बसल्या जागी, एकाच सुरात 'ऊऊऊ-आआआ-ऊऊऊ' म्हणा. (शेजारच्या क्यूबिकलमधल्या माणसाकडे बघू नका.) सूर तोच राहिला, बदलला तो तोंडाचा आकार. फिल्टर उघडला आणि मिटला. इतकंच.

हा वाद आपल्याकडे नवा नाहीये, ही मला सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बंदी घातली. ती 1971 पर्यंत टिकली. एकतीस वर्षं! मुख्य तक्रार काय, तर पेटीवर मींड निघत नाही. सा वरून रे वर जाताना मधली वाटच नाही, सरळ उडी. शिवाय तिचे सूर ठोकळ्यासारखे ठरलेले. आणि ज्या महाराष्ट्रात संगीत नाटकं पेटीवर उभी होती, ज्या मातीत गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादक झाला, तिथल्या लोकांना हे पटणं अवघडच होतं. माझं मत विचाराल तर तक्रार तांत्रिकदृष्ट्या अचूक होती आणि निर्णय चुकीचा होता. पेटीला मींड येत नाही हे खरंच. पण चांगला पेटीवाला भात्याने आवाजाला जो उठाव देतो, कणसूर लावून कानाला जो चकवा देतो, तो हाताचाच भाग आहे. वाद्याला जमत नाही ते हाताने भरून काढायचं.

आणि हाताने भरून काढण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर तुम्ही प्रत्येक वरातीत पाहिलंय. रुमाल दातात धरून जमिनीवर लोळणारा काका आठवा. नागिन डान्स! तो ज्या सुरांवर लोळतो त्यांचं मूळ 1954 सालच्या 'नागिन' या चित्रपटात आहे. संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली ती बीन ही गारुड्याची पुंगी नाहीच मुळी. ते क्लॅव्हिओलिन नावाचं विजेचं वाद्य होतं, कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या फ्रेंच माणसाने 1947 च्या सुमारास बनवलेलं. वाजवलं होतं कल्याणजी वीरजी शहांनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजलेल्या जोडीतले कल्याणजी. साथीला रवी यांची पेटी.

क्लॅव्हिओलिन एका वेळी एकच सूर वाजवायचं. कंपाची सोय होती, आवाजाचा रंग बदलायला थोडी बटणं होती, आणि आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायचा एक लिव्हर. पुंगीचा टोन? नव्हताच. कुणी पुंगी रेकॉर्ड करून त्यात भरली नव्हती. तरीही सत्तर वर्षं अख्खा देश त्याला पुंगीच समजतोय, आणि खरी पुंगी समोर आणून वाजवली तर 'ही जरा वेगळी वाटते' म्हणेल. कल्याणजींनी पुंगीचा आवाज उचलला नाही, पुंगीची चाल उचलली. तो डोलणारा, लागोपाठ सूर चाटून जाणारा ढंग उचलला.

माझा सगळा मुद्दा इथे आहे. नक्कल करायचीच असेल तर वाद्याच्या हालचालीची करा, आवाजाची नाही केली तरी चालेल.

दुसरं उदाहरण मुंबईचंच, 1982 सालचं. चरणजित सिंग नावाचे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. त्यांनी तीन नवीकोरी जपानी यंत्रं घेतली: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303 हे बेस वाजवणारं चिमुकलं चंदेरी खोकं. त्यावर 'टेन रागाज टु अ डिस्को बीट' नावाची रेकॉर्ड केली. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. खाली डिस्कोचा ठेका. रेकॉर्ड फारशी चालली नाही. 2010 मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली आणि तिकडचे लोक चक्रावले, कारण शिकागोत 303 पिळून पिळून ज्या संगीताला 'अॅसिड' म्हणू लागले ते 1987 चं. पाच वर्षं आधी मुंबईत कुणीतरी तेच यंत्र तसंच वाजवत होतं! सिंग 2015 मध्ये मुंबईतच वारले. त्याआधी युरोपात कार्यक्रम करून आले, हे एक बरं झालं.

'आधी कोण' या वादात मला रस नाही. आपल्याकडे तसेही सगळे शोध आधी आपणच लावलेले असतात :-) मला रस आहे तो 303 च्या एका बटणात. त्यावर सुरांना 'स्लाइड' लावता येते, म्हणजे एका सुरावरून पुढच्यावर उडी न मारता घसरत जायचं. गिटारवाल्यांना एकट्याने सराव करताना साथीला बेस मिळावा म्हणून काढलेलं ते यंत्र. पण ज्याच्या कानात आयुष्यभर मींड आहे अशा माणसाच्या हातात ते पडलं की तो काय करणार? घसरवणारच. मात्र एक आहे. 303 ची घसरण ठराविक वेळात होते. अंतर अर्ध्या सुराचं असो की पाच सुरांचं, वेळ जवळपास तोच. मींडीचं तसं नसतं. मींड वाटेत रेंगाळते, एखाद्या श्रुतीपाशी थांबून मग पुढे जाते. त्यामुळे ती रेकॉर्ड ऐकताना माझ्या मनात सतत दोन गोष्टी होतात. व्वा, आणि अरेरे.

हीच गोष्ट एलएफओची. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना दरबारीतला कोमल गांधार माहीत असतो. तो स्थिर लावतच नाहीत, आंदोलित असतो, हळूहळू झुलतो. मग एखादा इंजिनिअर म्हणेल, सोप्पंय, गांधारावर संथ एलएफओ लावू. लावून बघा. झोक्याऐवजी टेबलफॅन ऐकू येईल. कारण एलएफओ सेकंदाला जितक्या वेळा ठरवलंय तितक्याच वेळा, तितकाच हलतो. गवयाचं आंदोलन आधी मोठं, मग लहान, मध्येच रिषभाकडे झुकलेलं, शेवटी निवत गेलेलं असतं. गळ्याचा कंपही सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा असतो, पण तो सूर लागल्या क्षणापासून सुरू होत नाही. सूर आधी सरळ लागतो, मग फुलतो. स्वस्त प्रीसेट नेमकं इथेच पकडले जातात. पट्टी दाबताक्षणी थरथर सुरू. थंडी वाजल्यासारखी.

उपाय साधा आहे. एलएफओ चालू राहू द्या, पण त्याचा जोर लिव्हरच्या ताब्यात द्या. लिव्हर पुढे ढकलला तर कंप, सोडला तर सूर सरळ. आणि मींडीसाठी लिव्हर आडवा. बहुतेक कीबोर्डना पिच बेंडची मर्यादा कारखान्यातून दोन अर्धसुरांची येते, म्हणजे सा वरून जेमतेम रे पर्यंत. मेनूत जाऊन ती पाच करा, सा ते म हाताखाली येईल. बारा केली तर अख्खं सप्तक, पण मग हात जरा हलला तरी सूर वाकडा जातो, मोपेडचा अॅक्सिलरेटर ट्रकला लावल्यासारखं. इथे एक आकडेमोड करून पाहिली. 1983 सालच्या मिडी या नियमावलीत पिच बेंडला 14 बिट दिलेत, म्हणजे 16,384 पायऱ्या. पूर्ण सप्तक वर आणि पूर्ण सप्तक खाली ठेवलं तरी एक पायरी अर्धसुराच्या सहाशेव्या भागापेक्षाही लहान पडते. कुठलाही कान ती पकडू शकत नाही. म्हणजे अडचण यंत्राच्या अचूकपणात नाहीये. अडचण आहे ती स्प्रिंग लावलेल्या त्या बोटभर लिव्हरवर हात बसवण्यात. आणि हात बसवायला दोन हजार टोन नाही, दोन महिने लागतात.

(मॉड्युलेशनच्या चाकाला मात्र फक्त 128 पायऱ्या आहेत. त्याने फिल्टर सावकाश फिरवला तर काही यंत्रांवर पायऱ्या चक्क ऐकू येतात, चेन ओढल्यासारख्या. 1983 मध्ये कुणीतरी बाइट वाचवले आणि आपण अजून भोगतोय. आपल्या प्रोजेक्टमध्ये काय वेगळं चालतं म्हणा.)

आता थोडं मागे जाऊन एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिने मी अक्षरशः खुर्चीतून उठलो होतो. समृद्धी महामार्गाला लागायच्या आधी कुठल्याही साध्या रस्त्यावर रंबलरचे पट्टे असतात बघा. हळू गेलात तर धड्... धड्... धड्. वेग वाढवला की घर्रर्र. पट्टे तेच, पण एका वेगानंतर वेगवेगळे धक्के ऐकू येणं थांबतं आणि एकसलग सूर ऐकू येतो. 1967 च्या सुमारास स्टॅनफर्डला जॉन चाउनिंग नावाचा संगीतकार संगणकावर कंपाशी खेळत होता. कंपाचा वेग तो वाढवत गेला. सेकंदाला सहा, वीस, शंभर, दोनशे. आणि एका टप्प्यानंतर थरथर नाहीशी झाली आणि आवाजाचा रंगच बदलला. घंटेसारखा, पितळेसारखा, कधी लाकडासारखा. त्यातून एफएम सिंथेसिस निघालं, यामाहाने त्याचा परवाना घेतला आणि 1983 मध्ये डीएक्स-7 काढला. ऐंशीच्या दशकातलं कुठलंही गाणं लावा, ती काचेसारखी पियानोची किणकिण ऐकू येईलच.

म्हणजे बघा, टोन आणि मॉड्युलेशन या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत! टोन म्हणजे खूप वेगाने केलेलं मॉड्युलेशन. दुकानदार ज्याचा आकडा सांगतो तेही शेवटी कुणाच्यातरी हालवण्यातूनच आलंय.

हे मी आतेभावाला रंबलरसकट समजावलं. तो म्हणाला, "बरं. पण लिव्हर हालवल्यानं तो पेन ड्राइव्हवाला जाईन काय?"

चांगला प्रश्न. माझ्या ऑफिसात डेमोच्या वेळी असे प्रश्न कुणी विचारत नाही.

माझं उत्तर हे. तो लोळणारा काका आहे ना, तो कधी उठेल हे पेन ड्राइव्हला माहीत नसतं. गाणं आपलं पुढे निघून जातं. कॅसिओवाल्याला दिसतं की काका आत्ता खाली गेलाय, पोरं गोल करून उभी आहेत, अजून अर्धा मिनिट तरी हा उठत नाही. तो वरचा सूर धरून ठेवू शकतो. लिव्हरने तो झुलवत ठेवू शकतो. काकाने मान वर काढली की त्याच्याबरोबर सूर वर ओढू शकतो. ऑक्टोपॅडवाला त्याच्याकडे बघतोय, तो नेमका तिथे तोडा मारतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्या क्षणी गर्दीतून जो आवाज येतो तो कुठल्याच डीजेला मिळत नाही. 'सैराट' आला त्या 2016 च्या सीझनला प्रत्येक बँडने 'झिंगाट' वाजवलं, प्रत्येक डीजेनेही वाजवलं. लक्षात राहिले ते बँडवाले ज्यांनी ते नाचणाऱ्यांकडे बघून वाजवलं. मुलीच्या बापाला पाच माणसांच्या पैशांचं उत्तर द्यायचं तर ते इथे आहे. टोन त्याच्याकडेही आहेत, पेन ड्राइव्हमध्ये, तुमच्यापेक्षा चांगले.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच टोचतो. हे सगळं बोलणं कॅसिओवाल्याच्या बाजूचं झालं. सनईवाल्याचं काय? गावात एक म्हातारे सनईवाले आहेत. आता वाजवत नाहीत. दात गेले, मग पत्ती धरता येत नाही. पण दात असतानाच त्यांची बोलावणी थांबली होती, आणि ती थांबवली कॅसिओतल्या त्या मेलेल्या सनईनेच. स्वस्तात मिळते, दमत नाही, आहेर मागत नाही. म्हणजे पेन ड्राइव्ह आज आतेभावाचं जे करतोय ते कॅसिओने काल त्यांचं केलं. याला माझ्याकडे उत्तर नाही. लिव्हर कितीही सुंदर हलवला तरी त्यांचे ते सीझन परत येत नाहीत, आणि 'तंत्रज्ञान बदलतंच हो' असं एसी ऑफिसात बसून म्हणणं मला जमत नाही.

पण आतेभाऊ त्यांच्याकडे गेला, हे सांगतो. मी सुचवलं होतं खरं, पण मला वाटलं नव्हतं जाईल. म्हाताऱ्यांनी सनई काढलीच नाही. तोंडानेच म्हणून दाखवलं, मांडवात शिरतानाचं, मुलगी बाहेर येतानाचं, वाटे लावतानाचं. याने मोबाईलवर रेकॉर्ड केलं. मग घरी हेडफोन लावून, मोबाईलवर ते ऐकत, लिव्हरवर तसंच्या तसं आणायचा प्रयत्न. आणि गंमत म्हणजे त्यासाठी त्याने सनईचा टोन वापरलाच नाही. सनईच्या टोनमध्ये आधीच कुणाचातरी कंप भरलेला असतो, तो मध्ये येतो, दोन माणसं एकदम बोलल्यासारखं होतं. त्याने घेतला एक साधा, सपाट करवती लाटेचा लीड टोन, जो दुकानात कुणी ऐकूनही घेत नाही. फिल्टर थोडा मिटलेला, आणि पट्टीवर जोर दिला की उघडणारा. त्याने मला जे तीस सेकंदांचं क्लिप पाठवलं त्यात सनईचा आवाज नाही. पण माझ्या आईने शेजारच्या खोलीतून विचारलं, कुणाचं लग्न लागतंय रे?

नवा कीबोर्ड अजून घेतलेला नाही. घेईलही कदाचित, आणि घेतला तर माझी हरकत नाही, जुन्याच्या चार पट्ट्या आता अडकायला लागल्यात. एवढंच म्हटलंय की दुकानात गेलास की टोन मोजू नकोस. लिव्हर हलवून बघ, स्प्रिंग किती कडक आहे ते बघ, कटऑफची नॉब मेनूत लपलीये की वर हाताशी आहे ते बघ. घरी शिकायचं असेल तर 'सर्ज एक्सटी' नावाचा सिंथेसायझर लॅपटॉपवर फुकट मिळतो, कुठल्याही गोष्टीला कुठलीही गोष्ट जोडता येते. आणि पैसेच घालायचे असतील तर पट्ट्यांऐवजी सलग पृष्ठभाग असलेली वाद्यं बघा. 'दिल्ली-6' (2009) मध्ये 'रहना तू' च्या शेवटी रहमानने कंटिन्युअम वाजवलंय, त्यात बोट सरकेल तसा सूर सरकतो. पेटीवर बंदी घालणाऱ्यांना ते ऐकवायला हवं होतं.

राहिला इफेक्ट्सचा विषय. यावर माझं आणि बँडमालकाचं जुळत नाही. आमच्याकडे सगळ्या इफेक्ट्सना मिळून एकच शब्द आहे, 'इको'. माइकला इको, कॅसिओला इको, नावं पुकारणाऱ्यालाही इको. स्टुडिओतला रिव्हर्ब हा बंद खोलीचा आभास देतो. भिंतींवरून परतणारा आवाज. गल्लीत वरात चालली असताना दोन्ही बाजूंच्या घरांच्या खऱ्या भिंती आहेतच की! गाडीवर दोन्हीकडे भोंगे, समोरून परतणारा आवाज, त्यात मिक्सरचा इको. मींडीचं पार पिठलं होतं. जो सूर घसरत वर गेला त्याची आधीची सगळी पावलं हवेत तशीच लोंबकळत राहतात. सपाट, उडी मारणाऱ्या सुरांना इको चालतो, घसरणाऱ्यांना नाही. हवंच असेल तर एकच, छोटा, ठेक्याच्या मापात बसवलेला डिले. 120 च्या लयीत अर्ध्या मात्रेला पाव सेकंद. गावात तसाही फुकटचा डिले असतोच. दोन देवळांच्या भोंग्यांवर एकच आरती लागली आणि एक भोंगा तुमच्यापासून 340 मीटर जास्त लांब असला, की ती एक सेकंद मागून ऐकू येते. शेतात उभं राहून हे ऐकतच आम्ही मोठे झालो.

(चालत्या गाडीमुळे सूर बदलतो का, हेही गणित मांडून पाहिलं. वरातीचा वेग सेकंदाला एक मीटर धरला तर फरक अर्धसुराच्या विसाव्या भागाएवढा पडतो. नवरदेवाची घोडी उधळल्याशिवाय ऐकू येणार नाही.)

तर मालकाला इको बंद करायला सांगून पाहिलं. एका हळदीत आतेभावाने गुपचूप केलाही. वाजलं छान. पण पाच मिनिटांत मालक धावत आला आणि नॉब पुन्हा होता तिथे. त्याचंही म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे: "इको काढला तर लोक म्हणतात मशीन बिघडली."